पायाचं ऑपरेशन झालंय, प्लास्टर आहे, आणि जपात मनच लागत नाहीये

उंबरठा

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. पडून पडून दुसरं काही सुचत नाही.

माझा डावा पाय लहानपणापासून सपाट. तळपायाला कमान अशी नव्हतीच. तेव्हा काही त्रास नव्हता, पण चाळिशीनंतर घोट्याच्या आतल्या बाजूला सूज यायला लागली, मग पाऊल बाहेरच्या बाजूला वळायला लागलं, चपला एकाच बाजूने झिजायच्या. इनसोल झाले, फिजिओ झाली, बूट बदलले, शेवटी डॉक्टर म्हणाले की घोट्यामागून येऊन कमान धरून ठेवणारं टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) पार कामातून गेलंय आणि आता अजून थांबलात तर सांधे खराब होतील. म्हणून ऑपरेशन. टाचेचं हाड कापून आतल्या बाजूला सरकवलं, स्क्रू घातले, आणि बोटं वाकवणारं एक टेंडन काढून त्या खराब टेंडनच्या जागी बसवलं. ऐकतानाच मला गरगरलं होतं. आता गुडघ्याखाली प्लास्टर आहे, सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा सुद्धा नाही, त्यानंतर प्लास्टरऐवजी वॉकर बूट आणि मग हळूहळू चालणं.

दुखणं आता बऱ्यापैकी आटोक्यात आहे. माझा प्रश्न दुसराच आहे. मी देवाधर्माचं करणारी बाई आहे. रोज सकाळी मांडी घालून जप, स्तोत्रं, मग दिवस सुरू. वाटलं होतं की आता भरपूर वेळ आहे तर जप वाढेल, उलट झालंय. माळ हातात घेतली की दोन मिनिटांत चिडचिड होते, डोळ्यात पाणी येतं, नाहीतर झोप लागते. त्यात पाय उशांवर उंच ठेवायचा असतो आणि माझ्या खोलीत पलंग असा आहे की पाय बरोब्बर देवाच्या फोटोकडे होतात. पलंग हलवायला जागा नाही. हसू नका, पण मला रोज ते टोचतं.

वरून बघायला येणारे लोक. एक म्हणतात एवढी भक्ती करतेस मग घाबरायचं कशाला. दुसऱ्या नातेवाईक म्हणाल्या श्रद्धा खरी असती तर कापाकापीची वेळच आली नसती. त्या गेल्यावर मी तासभर भिंतीकडे बघत होते.

आणि अजून एक, हे घरी कोणालाच सांगितलं नाहीये. ऑपरेशनच्या आदल्या रात्री खूप भीती वाटली तेव्हा मी नवस बोलले की पाय नीट होऊ दे, मी अनवाणी चालत दर्शनाला येईन. आता डॉक्टर म्हणतात कमानीला आधार देणारा बूट किंवा इनसोल बहुतेक कायमचा लागेल आणि अनवाणी लांब चालणं विसरा. म्हणजे पाय नीट झाला तरी मी नवस फेडू शकणार नाही. तुमच्यापैकी कोणी या सगळ्यातून गेलंय का? नुसतं पॉझिटिव्ह राहा असं सांगू नका प्लीज, ते सगळे सांगतात.

गोगलगाय

उंबरठा ताई, मी गेलेय यातून, दोन्ही पाय, एकानंतर एक. माझं अंगठ्याचं होतं, अंगठा आतल्या बोटांवर चढलेला आणि बाजूचं हाड बाहेर आलेलं, बनियन म्हणतात ते. माझ्या केसमध्ये पावलाच्या मधला सांधाच फ्यूज केला, लॅपिडस म्हणतात त्याला, त्यामुळे मलाही बरेच आठवडे पाय टेकवायला बंदी होती. आयडी तेव्हाचाच आहे :)

पहिलं म्हणजे जपात मन लागत नाही यात तुमचं काही चुकत नाहीये. भूल, पेनकिलर, अर्धवट झोप, दिवसभर एकाच खोलीत, यात कोणाचं मन लागणार? मला तर वर्तमानपत्राची बातमी शेवटपर्यंत वाचता यायची नाही. दुखण्याच्या स्ट्राँग गोळ्या चालू असतील तर डोकं जड राहतं आणि पोटही साफ होत नाही, ते दोन्ही झालं की माणूस आपोआप नास्तिक होतो. पाणी भरपूर प्या, डॉक्टरांना विचारून पोटाचं औषध घ्या. थट्टा करत नाहीये हां, माझी अर्धी उदासी त्याने गेली होती.

मी काय केलं ते सांगते, पटलं तर घ्या. मी मोठा जप सोडूनच दिला. आखून दिलेला वेळ, ठरलेली संख्या, सगळं बंद. त्याऐवजी फिजिओने जे व्यायाम दिले होते ना, मांडीचा स्नायू आवळून धरायचा, पाय सरळ ठेवून वर उचलायचा, प्लास्टरच्या बाहेरची बोटं हलवायची (बोटं हलवायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, तुमचं बोटाचंच टेंडन वळवलंय म्हणताय), त्या प्रत्येक वेळी एक नाम. एक मणी, एक उचल. माळ संपली की व्यायाम संपला. सुरुवातीला वाटलं हे काय, देवाला व्यायामाला जुंपलं. पण झालं असं की व्यायाम चुकेना आणि नामही चुकेना, कारण एक केलं नाही तर दुसरं राहतंय अशी टोचणी लागायची.

दुसरी गोष्ट मात्र मला व्यायामापेक्षा अवघड गेली. सेवा करून घेणं. आयुष्यभर आपण दुसऱ्याला पाणी देणार, आणि आता बेडपॅनसाठी हाक मारायची. मला भयंकर लाज वाटायची, राग यायचा, घरच्यांवर निघायचा. तेव्हा माझ्या डोक्यात एक विचार आला की मी रोज देवाला म्हणते सगळं तुझ्यावर सोपवलं, आणि इथे मला साधा चहाचा कप दुसऱ्यावर सोपवता येत नाहीये. मग कसलं सोपवणं ते! माझ्यासाठी त्या दिवसांतली खरी साधना तीच होती, गपगुमान मदत घेणं आणि मनापासून थँक्यू म्हणणं. जपाचे आकडे कमी झाले त्याचं मला काही वाटलं नाही मग.

आणि त्या नातेवाईक बाईंना पुढच्या वेळी झोपलेय म्हणून सांगा.

तर्कट

मी देव मानत नाही हे इथे सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहितो कारण त्या दुसऱ्या बाईंचं वाक्य वाचून डोकं फिरलं. श्रद्धा खरी असती तर ऑपरेशन लागलं नसतं? टेंडन झिजणं हे वय, वजन, पायाची ठेवण, शुगर, बीपी याच्याशी संबंधित असतं. त्याचा भक्तीशी संबंध लावणं म्हणजे आजारी माणसाला वर आरोपी करणं.

आता थोडी माहिती, विषय निघालाच आहे म्हणून. प्रार्थनेने ऑपरेशननंतर फरक पडतो का यावर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला होता, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाची बायपास झालेले १८०२ पेशंट, सहा हॉस्पिटलं. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, आणि पेशंटला कळू दिलं नाही आपण कुठल्या गटात. दोन्हीकडे गुंतागुंत साधारण सारखीच, ५२ आणि ५१ टक्के. तिसऱ्या गटाला सांगितलं होतं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय, त्यांच्यात उलट ५९ टक्के. पैसेही धर्माबद्दल आस्था असलेल्या संस्थेचेच होते, म्हणजे कोणी नास्तिकाने मुद्दाम काढलेला निकाल नाही. तर ताई, तुमचा जप कमी पडला म्हणून हाड उशिरा जुळेल असली भीती मनात असेल तर ती काढून टाका. हाडाला तुमचा जप ऐकू येत नाही. शांतपणे झोपा.

गोगलगाय

@तर्कट, अभ्यास खरा आहे, मीही वाचलाय. पण त्यात काय तपासलं ते बघा की. तिसऱ्याच कोणीतरी, ज्यांनी पेशंटला कधी पाहिलं नाही त्यांनी, नाव घेऊन प्रार्थना केली. आपण स्वतः नाम घेतो तेव्हा आपल्या आत काय होतं ते त्यात मोजलेलंच नाही. आणि गंमत म्हणजे तो अभ्यास ज्यांच्या नेतृत्वाखाली झाला ते हर्बर्ट बेन्सन, हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ, त्यांनीच १९७० च्या दशकात दाखवलं होतं की एखादा शब्द किंवा प्रार्थना शांतपणे पुन्हा पुन्हा म्हटली की श्वास संथ होतो, ठोके कमी होतात. रात्री दोन वाजता ठणका लागलेला असताना मला तेवढं पुरतं. हाडाला ऐकू येत नसेल, मला येतं.

तर्कट

हे मान्य. त्याला मी श्वासाचा व्यायाम म्हणतो, तुम्ही नाम म्हणा.

चांदणी_७

उंबरठा, मी मुस्लिम आहे, माझा अनुभव घोटा मोडल्यानंतरच्या ऑपरेशनचा आहे, पण तुमचं ते मांडी घालून बसता येत नाही वालं वाचलं आणि लिहावंसं वाटलं. मलाही सजद्याला (नमाजात कपाळ जमिनीला टेकवतात ते) जाता येत नव्हतं. आमच्याकडे याबद्दल सरळ सांगितलेलं आहे, उभं राहता येत नसेल तर बसून पढा, बसता येत नसेल तर आडवं होऊन, नुसत्या डोक्याच्या इशाऱ्याने. वजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचं, पाणी प्लास्टरला लावायचं नसतं, त्यावरून ओला हात फिरवला तरी चालतो. म्हणजे आजाऱ्यासाठी वाट आधीपासून करून ठेवलेली आहे. मला हे लहानपणापासून माहीत होतं, तरी खुर्चीवर बसून नमाज पढताना सुरुवातीला वाटायचं की ही खरी नाही, ही कच्ची आहे. अम्मी म्हणाल्या, सवलत पण त्यानेच दिलीये, ती न घेणं म्हणजे जास्त शहाणपणा. नंतर मला त्या खुर्चीवरच्या नमाजची इतकी सवय झाली की परत सजद्यात गेले तेव्हा रडायला आलं. तुमच्याकडेही असं काहीतरी असेलच ना?

जुनाजाणता

चांदणी बेटा, आहे ना. मानसपूजा. फूल नाही, पाणी नाही, आसन नाही, सगळं मनात. आणि ती काही आजाऱ्यांची तात्पुरती सोय नव्हे, तिला मोठा मान आहे आपल्याकडे.

उंबरठा, तुमचे दोन प्रश्न मला सोडवण्यासारखे वाटतात. पायांचा आधी. तुम्ही पाय पसरून बसला नाहीत, पाय उपचारासाठी वर ठेवलाय. अपमान हेतूत असतो. आणि तरीही मनाला लागत असेल तर पलंग हलवू नका, फोटो हलवा! उशाकडच्या भिंतीवर लावा. एका खिळ्याचं काम आहे. माणसं मनातल्या मनात झुरत राहतात आणि खिळा ठोकत नाहीत.

आता नवस. मी काही शास्त्री नाही, पण आयुष्यभर मंदिरात उठबस आहे आणि अशा अडचणी घेऊन आलेले बरेच लोक बघितलेत. नवस बोलताना तुमच्या मनात काय होतं? भीती होती आणि कृतज्ञता देऊ केली होती. अनवाणी हा त्या क्षणी सुचलेला आकार झाला. ज्याच्याकडे पाय बरा होण्याची मागणी केली त्यालाच तो पाय पुन्हा मोडून दाखवायचा, हे तर उलटंच झालं. तुमचे जे कोणी गुरू, पुजारी, घरातलं वडीलधारं माणूस असेल त्यांना विचारा, बहुतेक जण म्हणतील की बूट घालून जा, पायरीपाशी बूट काढ, आधार धरून आत जा, नमस्कार कर. नाहीतर अनवाणीच्या बदल्यात दुसरं काही, पाय गेलेल्या एखाद्याच्या जयपूर फूटला हातभार लावा. पण हे मनात गुप्त ठेवून कुढू नका. घरी सांगा. गुप्त नवसाचं ओझं फार वाईट.

फिजिओ_मी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पायाचे पेशंट बरेच बघते. जपाबद्दल मला बोलता येणार नाही, बाकी थोडं सांगते. हे सगळं जनरल आहे, तुमच्या सर्जनने जे सांगितलं असेल तेच शेवटचं, कारण आत काय काय केलंय ते त्यांनाच माहीत.

आधी नवसाचं, कारण तिथे माझं काम आहे. जुनाजाणता काकांशी सहमत. तुमच्या पायात जे टेंडन बसवलंय ते मूळच्यापेक्षा बरंच बारीक असतं. ते एकटं कमान पेलणार नाही म्हणूनच तर टाचेचं हाड सरकवलं, भाराची रेषा बदलावी म्हणून. त्याच्यावर अनवाणी लांबची चाल म्हणजे सगळी मेहनत पणाला लावणं. देवळात आत गुळगुळीत फरशीवर चार पावलं अनवाणी ही वेगळी गोष्ट, ती पुढे जमेल, विचारून करा. लांबचं अंतर मात्र बुटातच.

आता आत्ताचं. पाय वर म्हणजे स्टुलावर नव्हे. हृदयापेक्षा वर, म्हणजे आडवं होऊन पिंडरीखाली उशा, टाच मोकळी, टाचेवर दाब नको. सुरुवातीचे दोन आठवडे तर दिवसाचा बहुतेक वेळ असाच. बसून पाय खाली सोडला की पाच मिनिटांत बोटं जांभळट होतात आणि ठणका लागतो, ते बघून लोक घाबरतात, वर घेतल्यावर रंग परत आला तर ठीक आहे. पण बोटं थंड पडली, पांढरी-निळी राहिली, बधिर झाली, गोळी घेऊनही दुखणं वाढतच चाललं, प्लास्टर आवळल्यासारखं झालं, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल. तसंच पिंडरी किंवा मांडी दुखून सुजली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर रक्ताची गाठ असू शकते, तेव्हाही लगेच. ताप, प्लास्टरमधून वास किंवा ओल आली तर फोन करा. हे मुद्दाम लिहितेय कारण श्रद्धाळू पेशंट कधीकधी सहन करत बसतात, देव परीक्षा बघतोय म्हणून. ही परीक्षा नाही, ही इमर्जन्सी आहे.

खाज सुटली तर आत पट्टी, सुई, काहीही घालू नका, जखम होते आणि दिसत पण नाही. कुबड्या वापरताना भार तळहातावर, काखेवर नाही, काखेतल्या नसा दबतात आणि हात बधिर होतो. जिन्याची भीती वाटत असेल तर सरळ बसून, एक एक पायरी ढुंगणाने सरकत, लाजायचं काही कारण नाही. घरात कोणी तंबाखू ओढत असेल तर त्यांना बाहेर पाठवा, आणि तुम्ही स्वतः मिश्री वगैरे लावत असाल तर बंद, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळायला उशीर लागतो. आणि उपासाचे दिवस आले तर दुखण्याच्या काही गोळ्या रिकाम्या पोटी चालत नाहीत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नका.

अजून एक, कारण याबद्दल कोणी आधी सांगत नाही. प्लास्टर निघेल त्या दिवशी पाय बघून धक्का बसेल. पिंडरी काडीसारखी, कातडी सोलवटलेली, केस वाढलेले, पाऊल सुजलेलं. मोठी मोठी माणसं रडतात. ते सगळं अपेक्षित आहे. पायात २६ हाडं आणि ३३ सांधे आहेत, सगळे आठवडेच्या आठवडे झोपलेले असतात, उठायला वेळ घेतात. सूज सहा महिने, कधीकधी वर्षभर येत-जात राहते. तेव्हा सहा आठवड्यांनंतर सगळं संपलं असं डोक्यात धरू नका, नाहीतर त्या दिवशी परत खचाल.

उंबरठा

सगळ्यांचे किती आभार मानू. मुलाने आज फोटो उशाकडे लावला, त्याला कारण नाही सांगितलं, नुसतं लाव म्हटलं. नवसाचं मात्र नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला मी चालतो तुझ्याबरोबर आणि तुझे बूट मी हातात धरतो. हे ऐकून अजून रडले.

तर्कट, तुमचं वाचून राग आला होता खरं सांगते, हाडाला ऐकू येत नाही वगैरे. पण रात्री विचार केला तर तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय. मला आतून तीच भीती होती, की जप होत नाहीये म्हणून हाड जुळणार नाही, आणि त्या भीतीनेच जप होत नव्हता. हे गोल गोल चाललं होतं. आता माळ बाजूला ठेवलीये. गोगलगाय ताईंसारखं पाय उचलताना नाम घेते, जेवढं होईल तेवढं. कधीकधी नाम न घेताच नुसती पडून राहते आणि तेही चालतंय असं वाटतं.

गोगलगाय ताई, बोटांचं विचारलं डॉक्टरांना, अजून जोर लावून खाली वाकवायची नाहीत म्हणाले, टेंडन धरू दे. बरं झालं विचारलं.

एक विचारायचं होतं, मला उजव्या पायालाही थोडा तोच त्रास आहे आणि त्याचं पण पुढे कधीतरी करावं लागेल म्हणतात. त्याचा विचार आला की पोटात गोळा येतो.

बाळाची_आई

उंबरठा, मी मोठ्या माणसाच्या पायाबद्दल काही सांगू शकत नाही, पण पुढचं आज नको हे मला माझ्या मुलाच्या पायांनी शिकवलं. तो जन्मला तेव्हा दोन्ही पाय आत वळलेले, क्लबफूट. पोन्सेटी पद्धतीने केलं, म्हणजे दर आठवड्याला पाय हळुवार वळवून नवं प्लास्टर, मग टाचेमागचं टेंडन छोट्याशा छेदातून कापून शेवटचं प्लास्टर, आणि मग दांडी लावलेले बूट, सुरुवातीला तीन महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे चार-पाच वर्षांचा होईपर्यंत झोपताना. इग्नासिओ पोन्सेटी म्हणून अमेरिकेतल्या आयोवाच्या डॉक्टरांनी ही पद्धत काढली, पण बराच काळ बाकीचे डॉक्टर मोठं ऑपरेशनच करत राहिले, ही पद्धत जगभर पसरायला १९९० चं दशक उजाडलं.

चार वर्षं बूट, हे पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा मी देवाशी अक्षरशः भांडले. बाळाने काय पाप केलं होतं? उत्तर नाही मिळालं, अजूनही नाही. पण रोज रात्री ते बूट चढवताना तो हातपाय झाडायचा आणि मी एकच प्रार्थना म्हणायचे, मोठ्याने, गाण्यासारखी. पुढे पुढे असं झालं की प्रार्थना सुरू झाली की तो स्वतःच पाय पुढे करायचा, कारण त्याला कळायचं की आता बूट आणि मग झोप. माझी श्रद्धा त्या दिवसांत वाढली की कमी झाली ते मला सांगता येणार नाही, पण बूट एकही रात्र चुकले नाहीत आणि ते प्रार्थनेमुळे, हे नक्की. आणि बूट चुकले की पाय परत वळू शकतो, हेही तितकंच नक्की. तुमचा उजवा पाय आज दुखत नाहीये ना जास्त? मग आज डावा.

तर्कट

राग आला तरी वाचलंत, धन्यवाद. नवऱ्याचं वाक्य भारी आहे.

गोगलगाय

दुसऱ्या पायाबद्दल माझा अनुभव सांगते, गोड करून सांगणार नाही. दुसऱ्या वेळी भीती कमी नव्हती, पण वेगळी होती. पहिल्या वेळी माहीत नसल्याची भीती, दुसऱ्या वेळी माहीत असल्याची. पण सोय आधीच करून ठेवली होती, बाथरूममध्ये बसायला स्टूल, प्लास्टरवर चढवायचं वॉटरप्रूफ कव्हर, रात्री हाताशी पाणी आणि मोबाईल, गुडघा टेकवून चालवायची चाकाची गाडी भाड्याने. नसेची भूल उतरायच्या आधीच पहिली गोळी घ्यायची हे पण तेव्हा माहीत होतं, ती भूल उतरली की एकदम दणका बसतो. पहिल्या वेळी हॉस्पिटलात रात्रभर जप केला होता घाबरून. दुसऱ्या वेळी झोपले. झोप पण देवानेच दिली म्हणते मी, तर्कट काही का म्हणेना.

आणि तुमचा उजवा पाय आत्ता दोन पायांचं काम करतोय हे विसरू नका, डाव्याच्या नादात त्याचे हाल होतात. घरात सुद्धा उजव्या पायात चांगला आधाराचा बूट घाला.

फिजिओ_मी

हे शेवटचं अगदी बरोबर, आणि वॉकर बूट मिळाला की उजव्या बुटाखाली उंची वाढवायची पट्टी लावा. वॉकर बूट जाड तळाचा असतो, एक बाजू उंच होते आणि मग कंबर धरते.

उंबरठा

लिहून ठेवतेय सगळं. अजून एक, बूट मिळाल्यावर थोडा थोडा भार टाकायचा म्हणाले, दहा किलोपासून. पण दहा किलो म्हणजे किती ते पायाला कसं कळणार? मला तर भीती आहे की एकदम सगळा भार जाईल आणि स्क्रू मोडेल.

फिजिओ_मी

वजनकाटा आणा. खुर्ची किंवा घट्ट टेबल धरून उजव्या पायावर उभं राहायचं, डावा पाय बुटासकट काट्यावर ठेवायचा आणि हळूहळू दाबत दहावर न्यायचा. तिथे धरून ठेवा, सोडा, परत. काही दिवसांत पायाला त्या दाबाची ओळख होते, मग न बघता जमतं. दर वेळी किती वाढवायचं ते सर्जन सांगतील, एक्स-रे बघून, मनाने वाढवू नका. आणि भाराला घाबरू नका. वेळ आली की तोच भार हाडाला हवा असतो. ज्युलियस वुल्फ या जर्मन सर्जनने १९व्या शतकातच मांडलं होतं की हाडावर जसा भार येतो तसं ते स्वतःला घडवतं, म्हणून तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडं ठिसूळ होतात. पहिल्या दिवशी तळपायाला मुंग्या येतील, सुया टोचल्यासारखं होईल, ते चालतं. त्याच्या आधी प्लास्टर निघालं आणि जखम पूर्ण भरली की मऊ कापडाने, मग टॉवेलने पाय रोज हलकेच चोळत राहिलात तर ही टोचणी कमी होते.

गोगलगाय

काटा डिजिटल नको. बऱ्याच डिजिटल काट्यांवर आकडा एकदा आला की तिथेच अडकतो, भार वाढला तरी बदलत नाही. जुना, सुई फिरणारा घ्या.